मानेची डावी बाजू

२१ जून

धाकट्या,

बरेच महिने पत्र नाही, त्याबद्दल माफ कर. हे वाक्य मी दोनदा खोडलं. एकदा वाटलं, माफी तू मागायला हवीस. मग वाटलं, गप्प दोघंही होतो, म्हणजे माफीही निम्मी-निम्मी व्हायला हवी. शेवटी ठेवून दिलं, कारण माझं तुझ्याकडे काम आहे आणि काम असलेल्या माणसाने ताठ्यात राहू नये. फोन करत नाही. फोनवर आपण हवापाण्याच्या पुढे गेलो की भांडतो. पत्रात भांडायचं तर निदान उठून पोस्टाच्या पेटीपर्यंत जावं लागतं.

अप्पांना झटका आला तेव्हा तू आलास, हॉस्पिटलच्या व्हरांड्यात चकचकीत गालांनी काही दिवस उभा राहिलास आणि परत गेलास. पुढचं सांगते. बोलणं जवळजवळ पूर्वीसारखं झालंय; आपल्या वडिलांच्या बाबतीत ही चांगली बातमी आहे की वाईट, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. ओठाचा उजवा कोपरा थोडा खाली उतरलाय. पाय ओढत चालतात. उजवा हात मात्र मांडीवर ठेवला तर मांडीवर, टेबलावर ठेवला तर टेबलावर. डॉक्टर म्हणाले, हाताचं जे काही सुधारायचं ते या काही महिन्यांतच, व्यायाम चुकवू नका. व्यायामाचं केंद्र पुढच्याच चौकात आहे. आणि अप्पा जात नाहीत.

कारण दाढी. "असल्या तोंडाने मी त्या बाईंसमोर जाणार नाही." त्या बाई दिवसभर लुळे हात आणि वाकडे पाय बघतात, त्यांना अप्पांच्या हनुवटीशी काय देणंघेणं? मी तसं म्हणाले. त्यावर, "तुला देणंघेणं नाही हे तुझ्या केसांवरून दिसतंच." जन्मभर दुकानांतली वजनमापं तपासत फिरलेला माणूस. गालावर एक खुंट राहिला तरी निम्म्या जिन्यातून परत आरशासमोर यायचा, हे तुलाही आठवत असेल.

न्हाव्याला घरी बोलावलं. अप्पांनी आधी त्याची पेटी तपासली. पातं नवं आहे का, कुठून घेतलं, वेष्टन दाखव, वाटी कधी विसळलीस. तो बिचारा दाखवत होता. अर्धी दाढी झाली तेव्हा म्हणाला, "आजोबा, आता जरा गप्प बसा, नाहीतर कापेल." अप्पा म्हणाले, "आजोबा तुझ्या घरी. आणि हात असा थरथरत असेल तर तू भाजी विक." त्याने गळ्यातलं फडकं सोडलं, पेटी बंद केली आणि अर्धे अप्पा तसेच ठेवून निघून गेला. आता या भागातला एकही न्हावी आमच्या दाराशी येत नाही. इलेक्ट्रिक यंत्र आणलं. "हे कानाशी गुरगुरतं," म्हणून ते कपाटात गेलं.

म्हणून मी करते. गाल जमतात. मानेची एक बाजू मात्र दरवेळी सोलल्यासारखी लाल होते, पुळ्या येतात, त्यावर शर्टाची कॉलर घासते. कॉलरचं बटण लावल्याशिवाय ते दाराबाहेर पाऊल टाकत नाहीत. रक्त पातळ व्हायच्या गोळ्या चालू आहेत, त्यामुळे जरा कापलं तरी लवकर थांबत नाही. मी यंत्रांच्या माहितीपुस्तिका तपासून पोट भरते. गुळगुळीत गालांवर पोट भरणारे घरात तुम्हीच. तेव्हा सांग, काय घेऊ आणि कसं करू.

ताई


२९ जून

ताई, सा. न.

पत्र मिळालं. काम आहे हे वाचून हायसं वाटलं. नुसती माझी आठवण आली असती तर मी पहिल्या गाडीने निघालो असतो, की बाई, तुला झालंय काय?

आमच्या काउंटरवर रोज तुझ्यासारखी माणसं येतात. साबण अंगाचा, पाणी गार, पातं कधीचं ते आठवत नाही, आणि दोष देतात कातडीला. तू अप्पांच्या जुन्या रेझरने करतेस ना? मला लिहायचीही गरज नव्हती, दिसलंच.

पार्सल पाठवतोय. पाच पात्यांचा, डोकं डुलणारा रेझर. दाढीआधी लावायचं तेल. ट्यूबमधली क्रीम. मऊ केसांचा ब्रश, चांगल्यातला आहे, नळाखाली रगडू नकोस. नंतर लावायचं गारवा देणारं लोशन. आधी तेल, मग क्रीमचा फेस, कातडी ताणून धर आणि तीन हात मार: एक सुलटा, एक आडवा, एक उलटा. याला व्यवस्थित दाढी म्हणतात. आमच्याकडे नवीन मुलांना मीच शिकवतो.

हा सगळा आमच्या दुकानातला वरचा माल आहे, हे अप्पांना सांग. मी या धंद्यात आलो तेव्हा "शिकून-सवरून लोकांच्या हनुवट्या चोळणार" असं म्हणाले होते ना? त्यांना म्हणावं, आता तुमचीच आली.

धाकटा


९ जुलै

धाकट्या,

डबा सुंदर होता. आत कागदी झिरमिळ्यांचं घरटं आणि त्यात रेझर, एखाद्या राजपुत्रासारखा. डबा मी ठेवलाय, कारण तेवढाच उपयोगाचा निघाला.

तुझं तेल खुंटांबरोबर कालवून पाच पात्यांच्या फटीत जाऊन बसतं. दोनदा ओढलं की रेझर कापत नाही, नुसता फिरतो. मग मी दाबते. मग तो एकदम कापतो. अप्पांनी तो हातात घेतला (डाव्या), डोळ्यांपाशी नेला आणि विचारलं, "एकाला जमत नव्हतं म्हणून बाकीचे चार नातेवाईक बोलावले का?"

तरीही मी तुझे तिन्ही हात मारले. लिहिलेली सूचना असली की मी ती पाळते, हा माझा दोष म्हण. तिसऱ्या, उलट्या हाताला मानेवर बारीक लाल ठिपके उमटले, घाम फुटावा तसे. त्यावर तुझं लोशन. अप्पा ओरडले नाहीत. त्यांनी डोळे मिटले, बऱ्याच वेळाने उघडले आणि म्हणाले, "हे ज्याने विकलं त्याचं दुकान कुठे आहे?"

"लांब आहे."

"परवाना बघायला हवा त्याचा."

वस्तू तू पाठवल्यास हे मी त्यांना सांगितलेलं नाही. तुला वाचवायला की मला, ते कळत नाही. रोजनिशीत या एका वाक्यावर पान गेलं आणि उत्तर आलं नाही. व्यायाम पुन्हा चुकला. अप्पा दिवसभर गळ्याला ओला पंचा गुंडाळून खिडकीशी बसतात आणि रस्त्यावरच्या माणसांच्या दाढ्यांवर शेरे मारतात.

एक विचारते, उत्तर दे. तुझ्या दुकानात कधी म्हातारा माणूस येतो का? की सगळे आरशाला आवडणारेच येतात?

ताई


१५ जुलै

ताई,

येतात. त्यांना मी पाच पात्यांचा देत नाही. तू "अप्पा" लिहिलंस आणि माझ्या डोळ्यांसमोर अप्पा आले ते नोकरीतले, टणक गालांचे. म्हातारे अप्पा मी फक्त हॉस्पिटलच्या चादरीखाली बघितलेत, आणि चादरीखालच्या माणसाची दाढी कुणी मोजत नाही. तेव्हा टोमणे जरा जपून मार.

तो रेझर फेकू नकोस, परत पाठव, महाग आहे. सोबत एका पात्याचा साधा, जड मुठीचा पाठवतोय. त्याच्या वजनाने तो आपोआप उतरतो, दाबायचं नाही. तू दाबणारच, म्हणून दोनदा लिहितो: दाबायचं नाही. तेल बंद, लोशन बंद. दाढीआधी गरम पाण्यात पिळलेला टॉवेल मानेवर ठेव, तो निवेपर्यंत. फेस ब्रशने गोल-गोल, घाई न करता. एकच हात, केस वाढतात त्या दिशेने. म्हाताऱ्या मानेला आधीच सुरकुत्या असतात, तेवढ्यापुरती बोटाने सारखी कर, तंबूसारखी ताणू नकोस. नंतर फक्त गार पाणी.

आता मान. लहानपणी मी अप्पांच्या मागे स्टुलावर उभा राहून आरशात त्यांची दाढी बघायचो. गाल ते भराभरा उरकायचे. मानेच्या डाव्या बाजूला आले की थांबायचे, कारण तिथले त्यांचे केस खाली नाही, आडवे वाढतात. माझेही तसेच आहेत, त्यांच्याकडून मला एवढंच मिळालं. म्हणून नीट वाच: मानेच्या डाव्या बाजूला पातं उजवीकडून डावीकडे न्यायचं. उजव्या बाजूला सरळ वरून खाली. एवढं केलंस तर काही होणार नाही.

ब्रशबद्दल काही म्हणाले का?

धाकटा


२४ जुलै

धाकट्या,

अभिनंदन. आधी एकच बाजू सोलली जायची. तुझ्या आठवणीच्या कृपेने आता दोन्ही.

तू लिहिलंस ते मी कागदावर उतरवून आरशाच्या कडेला चिकटवलं. टॉवेल, फेस, दाबलं नाही. डाव्या बाजूला उजवीकडून डावीकडे, उजव्या बाजूला वरून खाली, अक्षरन् अक्षर. पहिल्या दिवशी ठसठसलं, वाटलं जुनं असेल. दोन दिवस जाऊ देऊन पुन्हा केलं. जी बाजू आजवर कधी कुरकुरली नव्हती ती पेटली. शर्टाचं वरचं बटण मी स्वतः लावून बघितलं. अप्पांनी ते डाव्या हाताने इतक्या जोरात ओढलं की तुटलं.

व्यायामाच्या बाईंचा फोन आला. फार चांगल्या बोलल्या, म्हणून जास्त लागलं. पुढच्या आठवड्यात आले नाहीत तर त्यांची वेळ दुसऱ्या रुग्णाला द्यावी लागेल, वाट बघणारे बरेच आहेत. अप्पांना सांगितलं. म्हणाले, "देऊ दे. त्याची मुलगी दाढी नीट करत असेल."

आता तुझ्याबद्दल. तुला अप्पांची मान आठवते यावर माझा विश्वास नाही. काउंटरवर एखाद्याला दोन गोड शब्द बोलून ट्यूब गळ्यात मारावी तशी तू मला ती स्टुलाची गोष्ट गळ्यात मारलीस. आणि मी, दुसऱ्यांच्या सूचनांतल्या चुका काढायचा पगार घेणारी, ती चिकटवून मोकळी झाले. तुझ्या खालोखाल मला राग कुणाचा येत असेल तर तो माझा.

ब्रशबद्दल काही म्हणाले नाहीत.

ताई


२७ जुलै

ताई,

तू उभी कुठे राहतेस? समोर की मागे?

धाकटा


३० जुलै

धाकट्या,

समोर. अर्थात समोर. ज्याच्या तोंडाची दाढी करायची त्याच्या तोंडासमोर माणूस उभा राहतो. हा काय प्रश्न झाला? एवढ्या एका ओळीसाठी तू पाकीट वाया घालवलंस, आणि

हे काल लिहिलं होतं. "आणि"पाशी जेवण गॅसवर होतं म्हणून उठले. आज ऑफिसमध्ये टेबलावर कपडे धुण्याच्या यंत्राची पुस्तिका होती. पहिल्या पानावरची ओळ अशी: "या पुस्तिकेत डावी व उजवी बाजू म्हणजे यंत्राकडे तोंड करून उभं राहिल्यावर दिसणारी बाजू." ही ओळ नसलेल्या पुस्तिका मी परत पाठवते. त्यावरून माझी भांडणं झालीत. तर मी आपल्या वडिलांकडे तोंड करून उभी राहिले, आणि माझ्या डाव्या हाताला आलं ते डावं. त्यांना मी यंत्र धरलं. ज्या बाजूला केस आडवे तिथे पातं वरून खाली, आणि ज्या बाजूला केस सरळ खाली तिथे आडवं. दोन्हीकडे तुझी सूचना, दोन्हीकडे चुकीच्या माणसाची बाजू.

तू डावं म्हणजे कुणाचं ते लिहिलं नाहीस, कारण तू आयुष्यभर फक्त स्वतःच्या आरशासमोर उभा आहेस. मी विचारलं नाही, कारण लिहिलेलं असताना विचारणं मला कमीपणाचं वाटतं. मानेवरून एकदा बोट फिरवलं असतं तर खुंट कुठे वळलेत ते कळलं असतं. तेवढंही सुचलं नाही. तू बेफिकीर आणि मी काटेकोर, आणि निकाल एकच. अप्पांना हे कळलं तर हसतील आणि त्यांचं हसणं मला परवडत नाही. बाईंना फोन करून आठवडाभर मागून घेतला. आता मान बरी होईपर्यंत पात्याला हात लावणार नाही. पत्र पुरं झाल्याशिवाय टाकत नाही.

*

७ ऑगस्ट

काल संध्याकाळी खुर्ची आरशासमोर ओढली आणि अप्पांच्या मागे उभी राहिले. त्यांचं डोकं माझ्या पोटाशी टेकलं. आरशात एकाखाली एक दोन चेहरे, दोन्ही सारखेच तुसडे. मला हे याआधी दिसलं नव्हतं.

टॉवेल झाला. फेस करायला लागले तशी त्यांनी मान मागे टाकली आणि डोळे मिटले. गेल्या पत्रात मी खोटं लिहिलं. ब्रशबद्दल ते खरंच काही बोलत नाहीत, पण फेस झाला की दरवेळी "अजून जरा" म्हणतात. तू आशेने विचारलंस म्हणून मी लपवलं. का, ते आज लिहीत नाही.

पातं उचललं तसे डोळे उघडले.

"आज मागे का?"

"दिशा चुकत होती."

"दिशा सांगितली कुणी?"

आता खोटं बोलायचं म्हणजे पातं हातात धरून बोलायचं. "धाकट्याने."

"हे पातं?"

"त्यानेच पाठवलं."

"ते जाळणारं पाणी?"

"तेही."

"आणि हा ब्रश."

"हो, अप्पा."

त्यांनी आरशातून माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "तरीच."

"तरीच काय?"

"त्याने मला आरशातच बघितलंय. समोर उभं राहायची हिंमत कधी केली नाही." मग ओठाचा चांगला कोपरा हलला. "मीही नाही केली म्हणा. हॉस्पिटलात मी भिंतीकडे तोंड करून पडलो होतो. बघतेस काय? फेस वाळतोय."

मी त्यांच्या डाव्या बाजूला आले. गळ्यापासून कानाकडे पातं सोडलं, दाबलं नाही. लोण्यावरून सुरी जावी तसं गेलं. त्यांनी डावा हात उचलला आणि कानाखालची कातडी स्वतः दोन बोटांनी धरली. "इथे. हं. आता थांब. आता पुढे." मी मुकाट्याने ऐकलं. या घरात कुणी कुणाचं मुकाट्याने ऐकल्याचं माझ्या रोजनिशीत दुसरं उदाहरण नाही.

रक्ताचा ठिपका नाही. आज सकाळी वरचं बटण लावलं, ते नवीन, मीच शिवलेलं. त्यांनी मान दोन्हीकडे वळवून बघितली. "चालेल," म्हणाले. आम्ही व्यायामाला गेलो.

बाई तरुण आहेत, केस घट्ट बांधलेले, हात पुरुषासारखे दणकट. त्यांनी अप्पांची बोटं एकेक करून उघडली, दाबली, पुन्हा उघडली. अप्पांनी विचारलं, "खरं सांगा. गोड बोलू नका. मला गोड बोलणाऱ्यांची परीक्षा घ्यायची सवय आहे." बाई म्हणाल्या, "मधले आठवडे गेले ते गेले, काका. कप धराल. रोज आलात तर बटणही लावाल, बहुतेक. पातं धरण्याइतका हात येईल असं मी म्हणणार नाही."

अप्पांनी मान हलवली. ते कुणावर चिडतात याची मी वाट बघत होते, बाईंवर की माझ्यावर. मधले आठवडे कुणामुळे गेले ते तिघांनाही माहीत होतं, आणि तुला धरलं तर चौघांना. ते कुणावरच चिडले नाहीत.

येताना चौकात सिग्नल सुटेपर्यंत उभे होतो. ते रस्त्याकडे बघत म्हणाले, "माझा नाही होत तर तुझा हात पक्का कर."

"करते, अप्पा."

"नाकाखाली राहिलंय. बाईंनी बघितलं. बोलल्या नाहीत, पण बघितलं."

नाकाखाली मी आजवर कात्रीने भागवत होते. ओठाचा तो कोपरा सैल आहे, त्यातून लाळ येते आणि तिथे पातं न्यायला मला भीती वाटते. त्यांनाही तिथे माझा हात नको असायचा. "तेवढं राहू दे," म्हणायचे. आज पहिल्यांदा स्वतःहून बोलले.

घरी आल्यावर तुझ्यासाठी निरोप सांगितला. शब्द न बदलता लिही म्हणाले, म्हणून लिहिते: "माल पास. विक्रेता नापास. फेरतपासणीला स्वतः हजर व्हावं." हे बोलावणं आहे की अपमान, ते तूच ठरव. आपल्याकडे दोन्हीचा आवाज एकसारखाच असतो. आलास तर समोरच्या दाराने ये, समोर उभा राहा आणि तुझे ते चकचकीत गाल घेऊन ये. त्यांना शेरे मारायला काहीतरी लागतं.

पत्र आत्ताच पेटीत टाकून येते.

उद्या: अप्पांच्या नाकाखालची दाढी, कात्रीने नाही, पात्याने.

ताई